आमदारांना पाच रविवार, सरकारला वीस मिनिटे : एका मराठी अभ्यासवर्गाचे परीक्षण

माझ्या एका पक्षकाराचा चोरीला गेलेला ट्रॅक्टर पोलिसांना सापडला आणि त्या दिवसापासून त्याचे खरे नुकसान सुरू झाले. ट्रॅक्टर मुद्देमाल म्हणून जप्त झाला, वित्तकंपनीच्या ना-हरकत पत्रावाचून सुपूर्दनाम्याचा, म्हणजे जप्त ट्रॅक्टर परत ताब्यात मिळण्याचा, अर्ज रखडला, आणि ताब्याचा हुकूम हाती घेऊन आम्ही ठाण्याच्या आवारात गेलो तेव्हा दोन पावसाळे उलटून गेले होते. बॅटरी नव्हती, डायनॅमो नव्हता, मागची दोन्ही चाके जाऊन धुरा विटांच्या थरावर टेकलेला होता आणि ट्रॉली जोडण्याच्या हुकातून बाभळीचे कंबरेएवढे रोप वर आले होते. जप्तीच्या पंचनाम्यात मात्र ट्रॅक्टर ‘चालू स्थितीत’ असल्याची नोंद होती. पक्षकाराने मला तिथेच उभ्याउभ्या विचारले, “वकीलसाहेब, चोरानं नेलं असतं तर चोरावर केस झाली असती. आता सरकारच्या दारातनं गेलं, तर केस कुणावर घालायची?”

सातारा जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात बावीस वर्षे दिवाणी वकिली करूनही या प्रश्नाचे एका दमात उत्तर मला देता आले नाही. त्याच आठवड्यात आमच्या वकील संघाच्या व्हॉट्सॲप गटावर एका अभ्यासवर्गाची जाहिरात आली : विधिमंडळाच्या सदस्यांना आणि शासनाला राज्यघटनेने दिलेले कायदेशीर संरक्षण, सहा रविवार, प्रत्येकी दीड तास, झूमवर, संपूर्ण मराठीतून, शुल्क अठराशे रुपये, सोबत घरपोच पुस्तिका. जाहिरातीत ‘शासन’ हा शब्द होता म्हणून मी पैसे भरले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण माझ्या तक्रारी मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि पुढच्या तुकडीत बदल करण्याचे त्यांनी मान्य केले आहे. पण या विषयावर मराठीतून पैसे घेऊन शिकवणारे वर्ग आता एकाहून अधिक निघाले आहेत, आणि पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे हे इतरांना कळावे, यासाठी हे सविस्तर लिहितो.

पहिल्या रविवारच्या आधी एकशे बारा पानांची पुस्तिका कुरिअरने आली. कागद जाड, टंक मोठा, बांधणी अशी की टेबलावर उघडी ठेवली तरी मिटत नाही. ज्याला दावा लिहिताना एका हाताने पान धरून ठेवावे लागते त्याला या शेवटच्या गोष्टीचे मोल कळेल. अनुच्छेद १०५, १२१, १२२, १९४, २११, २१२, ३०० आणि ३६१ यांचा मराठी पाठ दिला आहे आणि प्रत्येकाखाली टिपणासाठी अर्धे पान कोरे सोडले आहे. मुद्रितशोधन मात्र घाईत झालेले दिसते. ‘सीता सोरेन’ एका पानावर ऱ्हस्व तर दुसऱ्यावर दीर्घ आहेत, आणि निवाड्यांची नामसूची नसल्याने एखादे प्रकरण शोधायचे तर सगळी पुस्तिका चाळावी लागते.

याहून गंभीर चूक अनुच्छेद १०५(३) च्या पाठात आहे. खासदारांचे इतर विशेषाधिकार ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाप्रमाणे असतील, हा मूळ मजकूर पुस्तिकेत जसाच्या तसा छापला आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कॉमन्स सभागृहाचा उल्लेख काढून टाकला आणि ती दुरुस्ती अमलात येण्यापूर्वी जे विशेषाधिकार होते तेच, संसद कायदा करेपर्यंत, पुढे चालतील असे ठरवले. परक्या सभागृहाचे नाव पुसले, खात्यातली शिल्लक तीच राहिली. आणि हे विशेषाधिकार एकत्र संहिताबद्ध करणारा कायदा संसदेने अजूनही केलेला नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी ही चूक पहिल्याच तासाला स्वतःहून सांगितली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण सांगितलेले विसरते आणि छापलेले राहते. पुस्तिकेसोबत शुद्धिपत्राची एक चिठ्ठी यायला हवी होती.

मॅडम निवृत्त न्यायिक अधिकारी आहेत आणि त्यांची शिकवण्याची पद्धत हे या वर्गाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. स्लाइड वाचून दाखवण्याचा सध्याचा रिवाज त्यांनी पाळला नाही. त्या प्रकरणाची हकिकत सांगतात, मध्येच थांबतात, एखाद्याचे नाव पुकारून ‘तुम्ही पीठावर आहात, काय हुकूम कराल?’ असे विचारतात, आणि उत्तर चुकले तरी ते पुरते ऐकून घेतात. पहिला रविवार इतिहासाचा होता आणि तो मला थोडा लांबल्यासारखा वाटला. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स राजा शस्त्रधारी माणसे घेऊन पाच सदस्यांना पकडायला कॉमन्समध्ये शिरला, आणि ते कुठे आहेत हे सांगण्यास अध्यक्षांनी त्याला तोंडावर नकार दिला, हा प्रसंग त्यांनी असा उभा केला की माझा अकरावीतला मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. पण १६८९ च्या हक्कांच्या सनदेपर्यंत येण्यासाठी एवढा वेळ लागायला नको होता. राजाच्या धाकाने सभासदाची जीभ अडखळू नये यासाठी हे कवच निर्माण झाले, एवढे समजले की आपल्या अनुच्छेदांकडे वळता येते.

दुसऱ्या रविवारी अनुच्छेद १०५(२) आला. सभागृहात किंवा त्याच्या समितीत सदस्याने जे काही म्हटले किंवा जे मत दिले, त्याबद्दल कोणत्याही न्यायालयात त्याच्यावर कोणतीही कार्यवाही होऊ शकत नाही. राज्यांसाठी हेच अनुच्छेद १९४(२) मध्ये आहे. ‘जे काही’ म्हणजे नेमके किती, हे समजावण्यासाठी मॅडमनी १९७० चे तेजकिरण जैन प्रकरण घेतले. पुरीच्या शंकराचार्यांच्या वक्तव्यांवरून लोकसभेत लक्षवेधी सूचनेवर चर्चा झाली, तीत त्यांच्याविषयी बदनामीकारक बोलले गेले असे म्हणून त्यांच्या अनुयायांनी २६,००० रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला, आणि प्रतिवादींमध्ये माजी अध्यक्ष संजीव रेड्डी यांच्यासोबत तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण हेही होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ‘जे काही’ म्हणजे सर्व काही. सभागृहाचे कामकाज चालू असताना बोललेला शब्द न्यायालयात ओढता येत नाही, मग तो विषयाला धरून असो वा नसो. कराडच्या माणसाविरुद्धचा हा दावा आमच्याकडच्या निम्म्या वकिलांना ठाऊक नव्हता, मीही त्यातलाच.

तिसरा रविवार हा या वर्गाचा कळस होता, आणि अठराशे रुपयांतले हजार मी त्या एका दिवसाच्या खाती जमा धरतो. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांसह काहींनी सरकारच्या बाजूने मत देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला. १९९८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने त्याचा निकाल दिला. मॅडमनी पडद्यावर तीन माणसे काढली, अगदी शाळेतल्या फळ्यावर काढतात तशी काड्यांची : एकाने पैसे घेतले आणि मत दिले, दुसऱ्याने पैसे घेतले आणि मत दिलेच नाही, तिसऱ्याने पैसे दिले. मग त्यांनी विचारले की खटला कोणावर चालेल. सत्तेचाळीस जणांपैकी बहुतेकांनी तिघांवरही चालेल असे लिहिले. उत्तर असे होते की पहिला सुटला, कारण त्याचे पैसे त्याच्या मताशी जोडलेले होते आणि मताला कवच होते. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला कवच नव्हते. म्हणजे ज्याने लाच घेऊन दिलेला शब्द पाळला तो निर्धास्त, आणि ज्याने घेऊन शब्द मोडला तो आरोपी. कोणीतरी चॅटमध्ये ‘बेइमानीतली इमानदारी’ असे लिहिले आणि मॅडम मनापासून हसल्या.

त्यानंतर त्यांनी ४ मार्च २०२४ चा सात न्यायमूर्तींचा एकमताचा निवाडा शेजारी ठेवला. २०१२ च्या राज्यसभा निवडणुकीत मतासाठी लाच घेतल्याचा आरोप असलेल्या झारखंडच्या आमदार सीता सोरेन यांनी, आपले सासरे शिबू सोरेन यांना १९९८ मध्ये वाचवणारे कवच आपल्यालाही आहे, असा मुद्दा घेतला होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने १९९८ चा निवाडा रद्दबातल ठरवताना दोन कसोट्या घातल्या : ज्या कृतीसाठी संरक्षण मागितले जाते ती सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी बांधलेली असली पाहिजे, आणि सदस्याचे आवश्यक कर्तव्य पार पाडण्यासाठी ती गरजेची असली पाहिजे. लाच घेतली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो; पुढे मत कसे दिले, दिले की नाही दिले, याने त्यात फरक पडत नाही. मॅडमनी पुन्हा त्याच तीन काड्यांच्या माणसांवर बोट फिरवले आणि या वेळी तिघेही एका रांगेत उभे राहिले. एक बारकावा मात्र त्यांनी दोनदा सांगितला, आणि तो वर्तमानपत्रांतून सहसा निसटतो : त्याच निवाड्याने राज्यसभेसाठी आमदारांनी दिलेले मतही अनुच्छेद १९४(२) च्या संरक्षणाच्या कक्षेत धरले. कवच काढून घेतले गेले नाही; लाचेला ते अंगावर चढवता येणार नाही, एवढेच ठरले.

चौथ्या रविवारी आपण ज्याला बोलीत हक्कभंग म्हणतो तो विषय होता. १९६४ मध्ये गोरखपूरच्या केशव सिंह यांना एका पत्रकावरून उत्तर प्रदेश विधानसभेने सात दिवस तुरुंगात पाठवले; अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामिनावर सोडले; त्यावर विधानसभेने केशव सिंह, त्यांचे वकील आणि ते दोन न्यायमूर्ती यांनाच धरून सभागृहापुढे हजर करण्याचा ठराव केला; आणि मग उच्च न्यायालयाच्या अठ्ठावीस न्यायमूर्तींच्या पूर्णपीठाने त्या ठरावाला स्थगिती दिली. राष्ट्रपतींनी प्रकरण सल्ल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी ३० सप्टेंबर १९६४ रोजी बहुमताचे मत दिले की शिक्षा झालेल्या नागरिकाला न्यायालयाचे दार बंद करण्याचा अधिकार सभागृहाला नाही. गजेंद्रगडकरांचा जन्म साताऱ्याचा. त्यांचे नाव येथे मी मुद्दाम पूर्ण लिहिले आहे, कारण पुढच्या तक्रारीत ते पुन्हा येणार आहे.

त्याच तासाला महाराष्ट्राचे बारा आमदार आले. ५ जुलै २०२१ रोजी त्यांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले आणि २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन अवैध असल्याचे सांगून, तो ठराव रद्द केला. वर्षभर निलंबन म्हणजे शिक्षा आमदाराला नव्हे तर त्याच्या मतदारसंघाला, हा त्यातला मुद्दा मॅडमनी नेमका पकडला. केरळच्या विधानसभेत मार्च २०१५ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी ध्वनिक्षेपक आणि खुर्च्यांची मोडतोड झाली आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्या सदस्यांवरील खटले मागे घेऊ दिले नाहीत, हे मात्र पाच मिनिटांत आटोपले. माझ्या मते तेवढे पुरेसे होते. पाचव्या रविवारबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. अधिवेशनाच्या आधी व नंतर चाळीस दिवस दिवाणी प्रकरणात सदस्याला अटक न होण्याची तरतूद आणि कामकाजाच्या वृत्तांकनाचे संरक्षण यांत तो गेला, आणि राष्ट्रपती व राज्यपाल यांना अनुच्छेद ३६१ ने दिलेले संरक्षण सहाव्या रविवारवर ढकलले गेले.

माझी तक्रार येथे सुरू होते. सहाव्या रविवारची पहिली चाळीस मिनिटे राज्यपालांना मिळाली, पुढची तीस प्रमाणपत्र, अभिप्राय आणि आभारप्रदर्शन यांना, आणि ज्या विषयासाठी मी आणि आणखी निदान दहा-बारा दिवाणी वकिलांनी पैसे भरले होते, त्या शासनाच्या दायित्वाला वीस मिनिटे उरली. आमदार लाच घेऊन मत देतो की नाही हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण सरकारची जीप अंगावर येते, सरकारच्या गोदामात माल सडतो, सरकारच्या कोठडीत माणूस मरतो, हे आमच्या कार्यालयात बाकावर येऊन बसते. ज्या वर्गाच्या जाहिरातीत दोन्ही विषय समान आकाराच्या अक्षरांत छापले आहेत, त्याने वेळही निदान त्या प्रमाणाच्या जवळपास द्यायला हवा होता.

त्या वीस मिनिटांत मॅडमनी कस्तुरीलाल प्रकरण सांगितले, आणि घाईतही उत्तम सांगितले. २० सप्टेंबर १९४७ रोजी अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार मेरठला उतरला, पोलिसांनी त्याला मध्यरात्रीच्या सुमारास अडवले, आणि १०३ तोळे ६ मासे १ गुंज सोने व दोन मणांहून अधिक चांदी जप्त केली. चांदी परत मिळाली. सोने मालखान्याच्या हेड कॉन्स्टेबलने लांबवले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला, पण अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम असल्याने राज्यावर भरपाईचे दायित्व येत नाही असे ठरवले. पुस्तिकेत निवाड्याची तारीख आहे, २९ सप्टेंबर १९६४, आणि निवाडा लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर. मी मागचे पान उलटून केशव सिंह प्रकरणाची तारीख पुन्हा पाहिली. एका दिवसाचे अंतर. एकोणतीस तारखेला ज्या लेखणीने राज्याच्या अंगावरचे जुने कवच तसेच ठेवले, तिनेच तीस तारखेला विधानसभेच्या अंगावरचे कवच नागरिकासाठी सैल केले. कायद्याची ही अवस्था समाधानकारक नाही आणि विधिमंडळाने त्यात लक्ष घालावे, असे त्यांनी कस्तुरीलालमध्येच नोंदवले, हेही खरे. एवढी नामी जोडी पुस्तिकेत शेजारी-शेजारी पडलेली असताना तिच्यावर एक अख्खा रविवार उभा करता आला असता.

त्या रविवारी काय सांगता आले असते, याची यादी मी संस्थेला पाठवली आहे आणि तिचा सारांश येथे देतो. अनुच्छेद ३०० हा सरकारवरील दाव्यांचा पाया १८५८ च्या कायद्यातून, म्हणजे कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले तेव्हापासून, चालत आला आहे. ज्या इंग्लंडकडून हे तत्त्व आले त्याने जुलै १९४७ मध्येच कायदा करून राजसत्तेवर अपकृत्याचे, म्हणजे चुकीच्या कृत्याने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचे, दावे लावण्याची वाट मोकळी केली, म्हणजे मेरठचे सोने जप्त होण्याच्या सुमारे सात आठवडे आधी. आपल्याकडे विधी आयोगाने १९५६ मध्ये पहिल्याच अहवालात असा कायदा सुचवला, साठच्या दशकात विधेयकेही लोकसभेत आली आणि मंजूर न होताच व्यपगत झाली. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत येताना एका पादचाऱ्याच्या अंगावर गेली तेव्हा १९६२ मध्ये राज्याला जबाबदार धरले गेले, आणि दोनच वर्षांनी सोन्याच्या बाबतीत ते सुटले. जीप चालवणे हे कोणीही करू शकेल असे काम, जप्ती हे फक्त राज्याचे, असा फरक त्यामागे आहे. पुढे १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा यांना मुलाच्या कोठडीतील मृत्यूबद्दल दीड लाख रुपये देताना न्यायालयाने स्पष्ट केले की मूलभूत हक्कांच्या भंगासाठी घटनात्मक न्यायालयापुढे सार्वभौमत्वाची ढाल चालत नाही, आणि १९९४ मध्ये नागेंद्र राव प्रकरणात जप्त खत सडल्याबद्दल आंध्र प्रदेशाला पैसे मोजावे लागले. आमदार आणि सरकार या दोन्ही विषयांना जोडणारा पूलही तयार होता : जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंह यांना विधानसभेत जाण्यापासून अडवून डांबले गेले आणि १९८५ मध्ये त्यांना ५०,००० रुपये भरपाई मिळाली. यांपैकी नीलाबती बेहेरा सोडल्या तर एकही नाव तासाला उच्चारले गेले नाही.

रोजच्या कामाची बाजू तर पूर्ण कोरी राहिली. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीत वादीचे नाव, पत्ता, दाव्याचे कारण आणि मागणी लिहावी लागते, दाव्यात ती पोचवल्याचे कथन करावे लागते, आणि दोन महिने पुरे होण्याआधी लावलेला दावा केवळ त्याच कारणावरून जातो. मुदतीच्या हिशेबातून नोटिशीचा काळ वजा होतो, तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना येता येते, आणि हुकूमनामा झाला तरी सरकारविरुद्ध दरखास्तीसाठी, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जासाठी, तीन महिने थांबावे लागते. तीच गोष्ट शासकीय सेवकावर खटला चालवण्यासाठी लागणाऱ्या मंजुरीची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ने सरकारला त्यासाठी एकशे वीस दिवस दिले आहेत आणि तेवढ्यात निर्णय न झाल्यास मंजुरी मिळाली असे धरले जाते. हा फार मोठा बदल आहे. घटनेतले भव्य तत्त्व तालुक्याच्या न्यायालयात याच कागदांच्या रूपाने पोचते.

सेवेबद्दल थोडक्यात. ध्वनी स्पष्ट होता, चित्रफिती त्याच रात्री उपलब्ध झाल्या आणि तीन महिने राहिल्या. एका रविवारी वर्ग वीस मिनिटे उशिरा सुरू झाला आणि तेवढा वेळ शेवटी वाढवून दिला, कुरकुर न करता. लेखी प्रश्नांना उत्तर दोन दिवसांत येईल असे म्हटले होते. माझ्या ट्रॅक्टरच्या प्रश्नाला अकरा दिवस लागले, पण आलेले उत्तर मॅडमनी स्वतः लिहिलेले, दोन पानी आणि अत्यंत उपयोगी होते, त्यामुळे राग टिकला नाही. प्रमाणपत्रावर माझ्या आडनावातली एक वेलांटी चुकली होती, ती बदलून मिळाली.

त्या दोन पानांत मॅडमनी मला दोन निवाडे दिले, जे पुस्तिकेत नाहीत आणि असायलाच हवे होते. १९६७ च्या मेमन महंमद प्रकरणात जप्त वाहने सांभाळणाऱ्या गुजरात राज्याला दुसऱ्याची ठेव राखणाऱ्याप्रमाणे जबाबदार धरले गेले. आणि १९७७ च्या बसव्वा पाटील प्रकरणात चोरीचे दागिने सापडून पोलिसांच्या ताब्यात आले आणि तिथूनच नाहीसे झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या बाईला वेगळा दिवाणी दावा लावायला न सांगता, मुद्देमालाच्याच कार्यवाहीत राज्याने दहा हजार रुपये द्यावेत असा हुकूम केला. शेवटी मॅडमनी एकच वाक्य लिहिले होते : आधी ज्या न्यायालयाने ताब्याचा हुकूम दिला तिथेच अर्ज करा, कलम ८० ची नोटीस त्याच दिवशी पाठवून ठेवा.

ज्यांना आमदार-खासदारांचे विशेषाधिकार समजून घ्यायचे आहेत, त्यात पत्रकार, स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी आणि जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत राजकारण पाहणारे कार्यकर्ते आले, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. मराठीत इतके नेटके शिकवलेले माझ्या पाहण्यात नाही. सरकारविरुद्ध दावा लावण्याच्या तयारीत असलेल्या वकिलाने किंवा पक्षकाराने मात्र आजच्या रूपात पैसे भरू नयेत, आणि भरण्याआधी कोणत्या विषयाला किती मिनिटे आहेत हे लेखी मागून घ्यावे. पुढच्या तुकडीत सातवा रविवार जोडू आणि जुन्या विद्यार्थ्यांना तो विनाशुल्क देऊ, असे संस्थेने कळवले आहे. तो झाला तर मी बसणार आहे.

अर्ज मी केला आहे. पक्षकाराने तोवर पदरच्या पैशाने बॅटरी, डायनॅमो आणि जुन्या बाजारातले दोन टायर बसवून ट्रॅक्टर घरी नेला. त्या तिन्ही पावत्या, हुकातल्या बाभळीच्या छायाचित्रासह, अर्जाला परिशिष्ट म्हणून जोडल्या आहेत. सरकारी वकिलांनी म्हणणे देण्यासाठी दुसऱ्यांदा मुदत मागितली आहे.